लशीचा डबा घेऊन उतरलेला घाट

यवतमाळला सायकल चालवायला चालले आहे असं सांगितलं, तेव्हा साताऱ्यातल्या माझ्या मैत्रिणींनी एकच प्रश्न विचारला, "तिथं डोंगर आहेत का गं?"

खरं सांगायचं तर मलाही नीटसं ठाऊक नव्हतं. विदर्भ म्हटलं की रणरणतं ऊन आणि सपाट काळी शेतं एवढंच माझ्या डोळ्यांपुढे यायचं. माझा मावसभाऊ दिलीप वीस वर्षांपासून यवतमाळात शिकवतो. दर दिवाळीला फोनवर त्याचं एकच पालुपद, "ताई, एकदा जानेवारीत ये. थंडीबी दाखवतो आन् डोंगरबी दाखवतो." मूळचा आमच्याकडचाच, पण बोली पुरती वऱ्हाडी झालेली. या वर्षी मी शाळेतून निवृत्त झाले आणि सबबी संपल्या. सायकल बसच्या टपावर बांधली आणि गेले.

एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी आमच्याकडच्या एका घाटात उतारावर माझी सायकल खडीवरून घसरली आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण तेव्हापासून उतार आला की मी सरळ खाली उतरते आणि सायकल हातात धरून चालत जाते. चढ कितीही द्या, माझी तक्रार नाही. दिलीपला हे माहीत होतं. यवतमाळहून आतल्या डोंगररस्त्याने घाटंजीला जायचं, मुक्काम त्याच्या सासुरवाडीला, असा बेत त्याने आखला आणि मला सांगितलं, "उतार असा नाहीच. आहे तो थोडासा." हे साफ खोटं होतं.

यवतमाळहून निघाल्यावर

बुधवारी सकाळी साडेसहाला निघालो. दारातून बाहेर पडताच थंडीने कान धरले. आमच्या साताऱ्याची थंडी वाऱ्याची असते, अंगावर धावून येते. इथली थंडी नुसती उभी होती. वारा नाही, आवाज नाही, आणि तरी वीस मिनिटांत माझी बोटं ब्रेकवर आहेत की नाहीत हेच कळेनासं झालं. माझे हातमोजे पातळ होते. दिलीपने पिशवीतून स्वतःचे लोकरीचे पायमोजे काढले आणि म्हणाला, "घाल वरून. धुतलेले आहेत." पायमोजे हातात घालून मी यवतमाळ सोडलं.

शहर मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना कापूस सुरू झाला. धुक्यात आधी काहीच दिसायचं नाही, मग हळूहळू पांढरी बोंडं वर यायची, जणू धुकंच जागोजाग झाडांना चिकटून राहिलंय. कपाशीच्या ओळींमधून तूर उभी होती, माझ्या डोक्याच्याही वर, खाली शेंगा आणि शेंड्याला अजून पिवळी फुलं. आणि मग खरोखरच डोंगर आले. आमचा सह्याद्री ताठ उभा असतो. इथले डोंगर मांडी घालून बसलेले, एकामागे एक, अंगावर सागाचं जंगल पांघरून. सागाची थोराड पानं तांब्यासारखी झाली होती. रस्त्यावर गळलेली पानं चाकाखाली पापडासारखी मोडत होती. तासभर आम्ही दोघं काही बोललो नाही. बोलण्यासारखं होतं, पण तोंड उघडलं की दात वाजायचे.

एका गावाच्या फाट्यावर शेकोटी पेटली होती. कापूस वेचायला निघालेल्या सात-आठ बाया भोवती उकिडव्या बसल्या होत्या. आमच्याकडे अनोळखी माणूस दिसलं की आधी 'कुठले, कोणाचे' होतं. इथे आधी दोघी सरकल्या, जागा झाली, आणि मी बसून हात शेकायला लागल्यावर एकीने विचारलं, "सायकल काहून, बाई? गाडी बिघडली काय?"

"नाही हो. हौस म्हणून."

"हौस," ती शेजारणीला म्हणाली. मग माझ्या हातातल्या पायमोज्यांकडे बराच वेळ पाहून म्हणाली, "शेका, शेका. चांगले शेका."

अर्ध्या चढावर

दहाच्या सुमाराला मोठा चढ लागला. धुकं विरलं होतं, ऊन पडलं होतं, तरी सावलीतल्या वळणावर गेलं की पुन्हा काटा यायचा. रस्ता अरुंद, डांबर जुनं, वाहन जवळजवळ नाही. अर्ध्या चढावर एक माणूस मोटरसायकल आडवी लावून तिच्यापाशी बसलेला दिसला. कानटोपी, जाड स्वेटर, पायात चपला. बाजूच्या दगडावर निळा चौकोनी डबा, वर पट्टा असलेला. चेनची कडी तुटून रस्त्यावर पडली होती.

दिलीपने चेन हातात घेऊन पाहिली. आमच्याकडच्या सायकलच्या हत्यारांनी ती जुळण्यासारखी नव्हती.

"कव्हापासून बसले?" दिलीपने विचारलं.

"पाऊण तास झाला. एक गाडी गेली, तिच्यावर तिघं होते. मले चौथा कुठं घेतीन?" तो उठला. "प्रल्हाद म्हणते मले. खालच्या गावचा आहो. दवाखान्यातून लस नेऊन राह्यलो तांड्यावर."

प्रल्हादभाऊ माझ्याच वयाचे. चार एकर शेती, कापूस आणि तूर. लसीकरणाच्या दिवशी आरोग्य केंद्रातून हा डबा उचलायचा आणि डोंगरापलीकडच्या तांड्यावर बसलेल्या नर्सबाईंच्या हातात द्यायचा, हे काम ते कित्येक वर्षं करत होते. फोनला रेंज नव्हती. तांडा, म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती, तिथून नऊ किलोमीटर.

"लस खराब होईल का?" मी विचारलं.

"नाही, तशी नाही होत. आतमंधी बर्फ आहे, डबा नाही उघडला तर सांजपावतर राह्यते. लस थांबते, ताई. बाया नाही थांबत." ते डब्याकडे बघत म्हणाले. "मागच्या महिन्यात सिस्टर बिमार होती, तं लसीकरण झालंच नाही. आज वेचणी सोडून बाया येऊन बसल्या असतीन. दुसऱ्या खेपेलेबी नाही झालं तं तिसऱ्यांदा त्या कायले येतीन? आन् एक पोरगी आहे, कविता. नवरा तेलंगणात वीटभट्टीवर आहे, आज बाराच्या काळीपिवळीनं त्याच्याकडं जाऊन राह्यली. पाणी पडेपावतर वापस येत नाही. तिच्या पोरीचा डोस आहे आज."

काळीपिवळी म्हणजे तिकडची प्रवासी जीप. घड्याळात साडेदहा वाजत होते.

दिलीप म्हणाला, "भाऊ, डबा आमच्याजवळ द्या. आम्ही पोचवतो."

"डबा मी कोणाच्या हातात देत नाही," ते म्हणाले. उद्धटपणे नाही, नुसतं सांगितल्यासारखं. "सिस्टरच्या हातात द्यायचा, सही घ्यायची."

मग दिलीपने आपली सायकल त्यांच्यापुढे धरली. "मंग तुम्हीच चाला. चालोता येते ना?"

"शाळेत जात होतो सायकलनं," प्रल्हादभाऊ म्हणाले. "चाळीस वर्षं झाली असतीन."

असा तो बेत ठरला. दिलीप मोटरसायकलपाशी थांबणार, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर मिस्त्रीला निरोप पाठवणार. प्रल्हादभाऊ त्याच्या सायकलवर. पण तिला मागे कॅरिअर नव्हतं. कॅरिअर होतं माझ्या सायकलला. माझ्या पिशव्या उतरवून दिलीपपाशी ठेवल्या आणि प्रल्हादभाऊंनी गळ्यातल्या दुपट्ट्याने डबा माझ्या कॅरिअरवर बांधला. तीन गाठी मारल्या, हलवून पाहिला, चौथी मारली.

"घाट केवढा आहे उतरायला?" मी विचारलं.

"तीन किलोमीटर. रस्ता मस्त आहे."

मी दिलीपकडे पाहिलं. तो मोटरसायकलच्या चेनमध्ये फार गुंतला होता.

उतार

माथ्यापर्यंतचे दोन किलोमीटर प्रल्हादभाऊंनी अर्धे सायकलवर, अर्धे पायी काढले. गिअर त्यांना पटले नाहीत. "हे खटखट कायची करते?" असं विचारून त्यांनी एकच गिअर धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. सीट आम्ही खाली केली होती, तरी पहिली शंभर पावलं ते रस्त्याच्या दोन्ही कडा तपासत गेले. त्यानंतर एकदम सरळ झाले. चाळीस वर्षांपूर्वी शिकलेलं अंग विसरत नाही.

माथ्यावर रस्ता वळला आणि समोर सगळी दरी उघडली. मी पाय टेकले. खाली रस्ता चार-पाच वळणं घेत जंगलात शिरत होता. पायमोज्यांच्या आतसुद्धा माझ्या हाताला घाम आला.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. पडले होते, हाड मोडलं होतं, तेव्हापासून उतार चालत उतरते. चालत गेले तर पाऊण तास लागेल हे माझं मलाच कळत होतं. ते 'घाबरू नका' म्हणाले नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, "खडीवरून घसरल्या होत्या?"

"हो."

"मंग मी पुढं चालतो. खडी कुठं कुठं आहे, मले पाठ आहे. मी सांगीन तसं या. तुमच्या मनानं जितकं हळू यायचं तितकं हळू या."

आणि ते निघाले. मी दोन्ही ब्रेक धरून मागे. पहिल्या वळणाआधीच त्यांचा आवाज आला, "डाव्या अंगानं घ्या, उजवीकडं गिट्टी आहे." होती. "आता मधून." मी मधून गेले. "इथं नाला आडवा जाते, डांबर गेलं आहे, बसल्या जागी थोडं उठा." उठले. "पुढं सावलीत ओलं राह्यते, ब्रेक आधीच धरा, तिथं नका धरू." त्यांनी मागे वळून एकदाही पाहिलं नाही. तो रस्ता ते मला वाचून दाखवत होते. तिसऱ्या वळणानंतर माझ्या लक्षात आलं की मी त्यांच्या चाकाकडे नाही, पुढे बघते आहे. बांबूचं बन लागलं, मग मोहाची जुनी झाडं, मग अंगावर एकदम ऊन. मी धाडसी वगैरे झाले नव्हते. एका जागी उतरलेही, वीस-पंचवीस पावलं चालले, आणि पुन्हा बसले. प्रल्हादभाऊ पुढे पाय टेकून थांबले होते. मी बसल्याचं आवाजावरून कळलं तसे निघाले.

खाली सपाटीवर आलो तेव्हा माझी बोटं ब्रेकवरून सोडवायला मला दुसऱ्या हाताची मदत घ्यावी लागली.

तांड्यावर

तांड्याच्या तोंडाशीच जीप उभी होती, इंजिन सुरू. मागच्या बाकावर एक मुलगी तान्ह्या बाळाला शालीत घेऊन बसली होती. प्रल्हादभाऊंनी सायकल जवळजवळ जीपच्या आडवीच घातली. "कविता, उतर. लस आली."

ती नुसती बघत राहिली. कानटोपीतले प्रल्हादभाऊ सायकलवर, मागे हातात पायमोजे घातलेली एक परकी बाई. मग ती उतरली.

समाजमंदिराच्या ओट्यावर सात-आठ बाया होत्या. दोघी वेचणीला परत निघाल्या होत्या, त्या वाटेतून फिरल्या. सिस्टर तरुण, तिशीची असेल. तिने गाठी सोडायला घेतल्या, सुटेनात, शेवटी प्रल्हादभाऊंनीच सोडल्या. तिने डबा उघडून आतलं तपासलं, मान हलवली आणि सर्वांत आधी कविताच्या मुलीला घेतलं. सुई लागल्यावर साडेतीन महिन्यांची ती पोर जी रडली, ती साऱ्या तांड्याने ऐकली. प्रल्हादभाऊ भिंतीला टेकून बसले आणि प्रथमच कानटोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं.

मला वाटलं झालं. पण सिस्टर कविताला म्हणाली, "आता अर्धा तास इथंच बस."

जीपवाला ओट्याशी आला. "सिस्टर, माही गाडी भरली आहे. लोकायची पुढची बस चुकन."

"अर्धा तास बसावंच लागते. रस्त्यात लेकराले काही झालं तं गाडीत कोण पाहीन?"

"रोज कोणाले काही होते काय?"

"नाही होत. म्हणून तं बसवतो आम्ही."

दोघांचंही खरं होतं. कविता बाळाला थोपटत एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती. ही जीप गेली तर दुसरी दुसऱ्या दिवशी. जीपमध्ये दहा माणसं दाटीवाटीने बसलेली. कोणी बाजारहाटाला निघालेलं, कोणी दवाखान्यात. आता कोणीतरी ओरडणार, अशी मी वाट पाहत राहिले.

मागच्या दारातून घोंगडी पांघरलेला एक म्हातारा काठी टेकत उतरला. तो आपल्या गोर, म्हणजे बंजारा बोलीत मागच्यांना काहीतरी म्हणाला. प्रल्हादभाऊंनी मला हळूच सांगितलं, "म्हणते, उतरा, ऊन मस्त आहे." एकेक करून सगळे उतरले. जीपवाल्याने हात हवेत उडवले, जाऊन इंजिन बंद केलं आणि तोही उन्हात येऊन बसला.

तो अर्धा तास या प्रवासातला माझा सर्वांत सुखाचा. दहा प्रवासी, लस टोचून घेतलेली आणि रडून दमलेली बाळं, आया, जीपवाला, आणि आम्ही. एका म्हातारीने, सगळे तिला याडी म्हणजे आई म्हणत होते, माझा हात धरून मला घरी नेलं, प्रल्हादभाऊही मागोमाग आले. भिंगाची काचोळी, म्हणजे आरसे जडवलेली चोळी, तिने अजून घातलेली, वरून मात्र नातवाचा स्वेटर. चुलीपुढे बसवून तिने ज्वारीची भाकरी, तिच्या बोलीत बाटी, आणि सोले-वांग्याची भाजी वाढली. सोले म्हणजे तुरीचे कोवळे हिरवे दाणे. आमच्याकडे तूर म्हणजे डाळ. ती हिरवी असताना इतकी गोड असते हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. सोबत ठेचा होता. पहिल्या घासाला नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तशी याडी समाधानाने हसली आणि आणखी ठेचा वाढला. गारठलेल्या माणसाला हा उपाय त्यांनी शोधलेला दिसतो.

मी सांगितलं, डबा माझ्या सायकलवरून आला. ती प्रल्हादभाऊंशी बोलली आणि त्यांनी सांगितलं, "याडी म्हणते, आमचे आजे-पणजे बैलावर मीठ लादून असेच डोंगर उतरत होते. तुमच्या बैलाले चारा लागत नाही, हे बरं आहे."

बाहेर आलो तेव्हा सिस्टर कविताच्या मुलीचं अंग, डोळे तपासत होती. मुलगी झोपली होती. "जाय आता," सिस्टर म्हणाली, "आन् कार्ड सांभाळ. तिकडं दाखवजो." कविता जीपमध्ये बसली, मग सगळे चढले, म्हातारा शेवटी. जीप वळणाआड गेली.

प्रल्हादभाऊंनी सहीचं रजिस्टर पुढे केलं. "उशीर झाला, ते लिहा."

"आले, असं लिहिते," सिस्टर म्हणाली आणि तिने सही केली.

परत माथ्यावर

घाट चढताना आम्ही सायकली हातात धरून चाललो. डब्यात आता नुसता बर्फ. सावलीत अजून थंडीच होती, पण पोटात ठेचा होता.

मी दोन-तीन वळणांपासून एक प्रश्न मनात घेऊन चालले होते. शेवटी विचारलंच, "भाऊ, घरची शेती आहे. मग हे काम इतकी वर्षं का करता?" मी एका गोष्टीची वाट पाहत होते. घरातलं कोणी लसीवाचून गेलं असेल, कोणाचा पाय अधू राहिला असेल. अशा माणसामागे तशी गोष्ट असते, असं आपल्याला वाटतं.

"तसं काही नाही, ताई," ते म्हणाले. "कोणी नव्हतं तयार, मी गेलतो एक डाव. रस्ता आवडला मले. वावरात जन्म गेला, वावर चांगलंच आहे, पण तिथं सगळं एकाच जागी. हा रस्ता दर खेपेले येगळा दिसते. आता साग तांबडा आहे. अजून महिन्यानं पळस फुलन. पावसात तं पाहूच नका, सगळीकडं पाणी वाजते."

माझी मलाच थोडी लाज वाटली.

माथ्यावर दिलीप येऊन उभा होता. दुधाच्या गाडीवाल्याने निरोप पोचवला होता, मिस्त्री येऊन नवी कडी घालून गेला होता, आणि दिलीप ती मोटरसायकल स्वतः चालवत वर घेऊन आला होता. पिशव्या मागे बांधलेल्या. त्याने माझा चेहरा नीट पाहिला. म्हणाला फक्त, "उतार थोडासाच होता ना?"

प्रल्हादभाऊंनी दुपट्टा झटकून गळ्यात घातला. निघायचं सोडून ते रस्त्याच्या कडेला गेले आणि आम्हाला हाताने बोलावलं. कडेला एक सपाट खडक दरीवर पुढे आलेला. तिथून सगळं दिसत होतं. घाटाची वळणं, तांड्याची कौलं, तुरीचे पिवळसर पट्टे, आणि मागे एकामागे एक निळ्या होत जाणाऱ्या डोंगरांच्या रांगा. खालच्या वावरातून रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा कळप सावकाश जंगलाकडे चालला होता.

"डबा घेऊन जातो तव्हाबी इथं एक मिनिट थांबतो मी," ते म्हणाले. "दर खेपेले. फक्त एक मिनिट." मग माझ्याकडे वळून, आवाज खाली करून, "सिस्टरले सांगू नका."

मी मान हलवली. आम्ही तिघं तिथे उभे राहिलो, रोही दिसेनासे होईपर्यंत, आणि त्यानंतरही बराच वेळ.